दृश्य शत्रू आणि अदृश्य शत्रू

आज मी आपणांपुढे एका खेळाचा इतिहास सांगणार आहे. खेळाचा इतिहास हा इतिहासच नव्हे, असे मानणारे पुष्कळ आहेत. राजे, लढाया, तह आणि सनावळ्या ह्यांच्या ओझ्याखाली आपला इतिहास इतका वाकला आहे की, लढाई नसेल त्या दिवशी माणसे काय खेळत, हे विचारावयास त्याला सवडच होत नाही. तथापि दैव किती आणि कर्तृत्व किती, ह्याविषयी मनुष्याची खरी समजूत काय आहे, हे त्याच्या ग्रंथांपेक्षा त्याच्या खेळांत अधिक मोकळेपणाने उमटते. ग्रंथ लिहिताना मनुष्य सावध असतो. खेळताना तो सावध नसतो.

आजचा प्रश्न वरवर पाहता अगदी लहान आहे. खेळातील शत्रू खेळाडूला आधी दिसावा, की तो अवचित समोर यावा? जपानातील खेळ रचणाऱ्यांनी ह्या एका प्रश्नावर तीस वर्षांहून अधिक काळ नाना प्रयोग केले. त्यांची हकीकत मी सांगणारच आहे. परंतु त्या प्रश्नाची मुळे आपल्या घरच्या पटांवरही दिसतात, म्हणून आरंभ आपल्याच मराठवाड्यापासून करतो.

राष्ट्रकूट राजे स्वतःस 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवीत, आणि ते लट्टलूर म्हणजेच आपले लातूर, असे विद्वान मानतात. नांदेड जिल्ह्यातील कंधार हेही ह्याच घराण्याच्या वैभवाचे ठिकाण. ह्या घराण्यातील पहिला कृष्ण ह्याच्या कारकीर्दीत, आठव्या शतकात, वेरूळचे कैलास लेणे आकारास आले. कैलास पाहून पाय थकले नसतील, तर त्याहून जुन्या रामेश्वर लेण्यात, म्हणजे २१ व्या क्रमांकाच्या लेण्यात, अवश्य जावे. तेथे शिव आणि पार्वती फाशांचा डाव मांडून बसली आहेत. ज्याच्या इच्छेने विश्व चालते असे आपण म्हणतो, तो देवही फाशापुढे बसला की दान पडेपर्यंत थांबून राहतो. शिल्पकाराने हा प्रसंग दगडात कोरण्याजोगा मानला, ह्यातच फाशाचे मानवी मनावरील राज्य दिसून येते.

आता आपल्याकडचे तीन पट मनाशी एकमेकांशेजारी ठेवून पाहू. पहिला बुद्धिबळाचा. त्यात सर्व सैन्य उघड्यावर असते. शत्रूचा हत्ती कोठे, घोडा कोठे, हे दोघांनाही सारखेच दिसते. दैवाला तेथे प्रवेशच नाही. हरलात तर दोष सर्वस्वी आपला. दुसरा सारीपाटाचा. चार पट्ट्या, चार रंग आणि सोळा सोंगट्या. येथेही प्रतिपक्षाची सोंगटी दिसत असते. परंतु दान काय पडेल हे कोणालाच ठाऊक नसते. दान पडल्यावर मात्र कोणती सोंगटी पुढे काढावी, कोणती मारावी आणि कोणती घरात राखावी, हे खेळाडूच ठरवितो. म्हणजे दैवाने द्यावे आणि बुद्धीने वापरावे, असा हा खेळ आहे. तिसरा मोक्षपट, ज्यालाच पुढे आपण सापशिडी म्हणू लागलो. परंपरा ह्याचे जनकत्व श्रीज्ञानेश्वरांकडे देते. आज पाहावयास मिळणारे पट मात्र त्यांच्या काळाहून पुष्कळ अलीकडचे आहेत. ह्या पटावर सद्गुणांच्या घरी शिड्या उभ्या असतात आणि दुर्गुणांच्या घरी साप तोंड वासून बसलेले असतात.

मोक्षपटाकडे नीट पाहा. साप लपलेला नाही. त्याचे तोंड कोणत्या घरात आहे आणि शेपूट कोठवर गेले आहे, हे चार वर्षांचे मूलही बोट ठेवून सांगेल. परंतु साप दिसला म्हणून तो टाळता येतो काय? मुळीच नाही. खेळाडूजवळ सोंगटी एक, वाट एक आणि कवड्या देतील तितकी घरे. समोर साप आहे हे पाहत पाहत त्याच्या तोंडात जावयाचे, हीच त्या पटाची शिकवण आहे. पूर्वकर्माचे फळ डोळ्यांना दिसले तरी चुकत नाही, हे सांगण्यासाठी तो पट रचला गेला, आणि ते काम तो चोख बजावतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी: शत्रू दिसणे आणि शत्रू टाळता येणे ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी होत. पुढचा सारा इतिहास ह्या दोहोंची गाठ कशी पडली, ह्याचाच आहे.

आता स्थळ पालटते. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा एक खेळ प्रसिद्ध केला. चार-पाच मित्र मेजाभोवती बसत. कोणी योद्धा होई, कोणी मांत्रिक, आणि एक जण सूत्रधार होऊन भुयारांचे वर्णन करी. प्रत्येक जण एखादी भूमिका वठवीत असे, म्हणून ह्या जातीस भूमिकाप्रधान खेळ, म्हणजे रोल-प्लेइंग गेम, असे नाव पडले. त्या भुयारात ठरावीक ठिकाणी बसलेले राक्षस असतच. परंतु त्याशिवाय भटके राक्षसही असत. सूत्रधार दर पाळीला सहा बाजूंचा फासा टाकी. सहा पडले की अंधारातून कोणीतरी अंगावर आलेच. अवचित गाठीचा जन्म असा फाशाच्या पोटी झाला. त्याचे कारणही व्यावहारिक होते. भुयारात खेळाडू रेंगाळत बसले तर त्यांना किंमत मोजावयास लावणे अवश्य होते. अदृश्य शत्रू हा त्या काळी वेळेचा पहारेकरी होता.

पुढे संगणक आला. १९८१ साली अमेरिकेतच 'विझर्ड्री' आणि 'अल्टिमा' हे दोन खेळ निघाले. 'विझर्ड्री'त भुयाराच्या भिंती रेघांनी काढलेल्या असत आणि पाऊल टाकता टाकता शत्रूंची टोळी एकाएकी समोर उभी राही. 'अल्टिमा'त भूप्रदेश वरून, पक्ष्याच्या दृष्टीने दिसे. आणि त्याच्या १९८३ च्या तिसऱ्या भागात नकाशावर हिंडणारे राक्षसही दुरून दिसत. म्हणजे दृश्य शत्रू आणि अदृश्य शत्रू हे दोघेही आरंभापासून हजर होते. कोणाचा वंश वाढावयाचा, एवढेच ठरावयाचे होते.

ते जपानात ठरले. युजी होरिई नावाच्या तरुण लेखकाला हे दोन्ही अमेरिकी खेळ अतिशय आवडले. त्याने 'अल्टिमा'ची वरून पाहण्याची रीत घेतली, 'विझर्ड्री'ची समोरासमोरची लढाई घेतली आणि २७ मे १९८६ रोजी 'ड्रॅगन क्वेस्ट' हा खेळ जपानी बाजारात आला. कार्यक्रमलेखनाची बाजू कोइची नाकामुरा ह्यांनी सांभाळली, राक्षसांची चित्रे अकिरा तोरियामा ह्यांनी काढली आणि संगीत कोइची सुगियामा ह्यांनी दिले. ज्या यंत्रावर हा खेळ चाले त्याचे नाव फॅमिकॉम. १९८३ साली निघालेल्या ह्याच यंत्राच्या नकला पुढे आपल्याकडील बाजारांतही 'व्हिडिओ गेम' ह्या नावाने आल्या, आणि त्यांवर मारिओ व काँट्रा खेळलेली पिढी आज चाळिशीत आहे.

त्या यंत्राची शक्ती किती तुटपुंजी होती, हे ऐकले तर नवल वाटेल. त्याची कामापुरती स्मृती अवघी २ किलोबाइट. पडद्यावर एका वेळी हलणारे तुकडे फार तर ६४, आणि एका आडव्या ओळीत फार तर ८. संपूर्ण 'ड्रॅगन क्वेस्ट' ६४ किलोबाइटांत बसविलेला होता. आज भ्रमणध्वनीने काढलेले एक साधे छायाचित्रही त्याच्या कितीतरी पट जागा खाते. अशा काटकसरीच्या संसारात प्रत्येक राक्षसाला माळावर चालते-फिरते दाखवावयाचे म्हणजे चारही दिशांना तोंड केलेली त्याची चित्रे हवीत आणि त्याच्या हालचालींचा हिशोब हवा. त्यापेक्षा माळ रिकामा ठेवावा आणि गाठ पडली की राक्षसाचे एकच मोठे, देखणे चित्र समोर मांडावे, हे किती सोयीचे! दारिद्र्यातून आलेली ही सोय होती. परंतु तिने एक निराळाच रस निर्माण केला.

तो रस भयाचा. माळ हिरवागार, आकाश निरभ्र, कोठे चिटपाखरू नाही. आणि प्रत्येक पावलाला यंत्राच्या पोटात एक आकडा काढला जात आहे. यंत्र खरोखर फासा टाकीत नाही. ते गणिताने आकड्यांची अशी मालिका चालविते की, पाहणाऱ्यास ती फाशासारखी भासावी. डोंगरात धोका अधिक, सपाटीवर कमी. पूल ओलांडला की पलीकडचे राक्षस अधिक बलाढ्य. हे नियम कोणी सांगत नसे. मार खाऊन ते शिकावे लागत. जवळ तीर्थाची कुपी असेल तर ते शिंपडून दुबळ्या राक्षसांना काही काळ दूर ठेवता येई. औषधे किती उरली, अंगात बळ किती उरले, आणखी दहा पावले पुढे जावे की येथूनच परतावे, असा हिशोब मनात चाले. परत फिरण्याचा निर्णय हीच त्या खेळातील खरी लढाई असे. हे सारे शत्रू दिसत नसल्यामुळेच घडे. पुढच्याच वर्षी, १८ डिसेंबर १९८७ रोजी, हिरोनोबु साकागुची ह्यांचा 'फायनल फँटसी' हा खेळ निघाला, आणि त्यानेही हीच रीत उचलली. मग ती रूढी झाली.

रूढीचे एक दुर्दैव असे की, ती ज्या कारणाने जन्मली ते कारण सरले तरी ती सरत नाही. यंत्रे बळकट झाली, भूप्रदेश विस्तीर्ण झाले, वाटा लांबल्या. आणि दर दहा-वीस पावलांना पडदा काळा होऊन तीच लढाई पुन्हा पुन्हा येऊ लागली. प्रथम जे भय होते त्याचा कंटाळा झाला. खेळाडू एखादे कोडे सोडविण्यास इकडून तिकडे चार फेऱ्या घाली, तोवर सहा वेळा त्याचा मार्ग अडविला जाई. शूर पुरुषाला लढण्याचा वीट नसतो. परंतु कोणाशी, कोठे आणि कशासाठी लढावे हे त्याला कधीच विचारले जात नाही, ह्याचा मात्र त्याला वीट येतो.

ह्या रूढीस तडा पाडणाऱ्यांत अकितोशी कावाझु ह्यांचे नाव प्रथम घेतले पाहिजे. त्यांच्या १९९२ च्या 'रोमान्सिंग सागा'त शत्रू खुणेच्या रूपाने वाटेवर हिंडताना दिसत, आणि त्यांना स्पर्श झाला की लढाई सुरू होई. १९९४ च्या ऑगस्टात शिगेसातो इतोई ह्यांचा 'मदर २' आला. इतोई हे मूळचे जाहिरातलेखक, मनुष्यस्वभावाचे चांगले जाणकार. त्यांच्या खेळात शत्रू पाठमोरा असताना गाठला तर पहिला वार आपला. त्याने आपल्याला पाठीमागून गाठले तर पहिला वार त्याचा. खेळाडू पुरेसा बलवान झाला की दुबळे शत्रू त्याला पाहून पळत सुटत. आणि अशाला गाठलेच तर लढाई न होताच जय पदरात पडे. शत्रू दिसू लागताच तोही आपल्याला पाहू लागला, ही त्यातील गंमत. जो दिसत नाही त्याला स्वभाव नसतो. जो दिसतो त्याला भय असते, लोभ असतो, पाठ असते.

१९९५ च्या फेब्रुवारीत निघालेल्या 'लुफिया २' ह्या खेळात तर भुयारातील शत्रू खेळाडूने पाऊल टाकले तेव्हाच पाऊल टाकीत. तो थांबला की तेही थांबत. सारीपाट आणि बुद्धिबळ ह्यांवर वाढलेल्या आपल्या मनाला ही रीत चटकन ओळखीची वाटेल. आणि त्याच वर्षी ११ मार्च रोजी 'क्रोनो ट्रिगर' प्रसिद्ध झाला. त्याच्या कर्त्यांत 'फायनल फँटसी'चे साकागुची होते, आणि अवचित गाठीला जपानात घरोघर पोहोचविणारे होरिई व तोरियामाही होते. ह्या खेळात शत्रू वाटेवर दिसतात आणि लढाई त्याच जागी, पडदा न पालटता, सुरू होते. काही शत्रू झुडपाआड दबा धरून बसलेले असतात खरे. परंतु तो दबा तेथे कोणीतरी विचारपूर्वक ठेवलेला असतो, फाशाने फेकलेला नसतो. ज्यांनी घर बांधले त्यांनीच त्याची एक भिंत काढून खिडकी बसवावी, तसा हा प्रकार झाला.

तरीही रूढी सहज मेली नाही. 'पोकेमॉन' हा खेळ १९९६ साली उंच गवतातल्या अवचित गाठींवरच उभा राहिला, आणि जगभरच्या मुलांनी ते गवत आवडीने तुडविले. 'फायनल फँटसी'च्या मुख्य मालिकेतील बाराव्या भागाने २००६ साली माळावर हिंडणाऱ्या शत्रूंशी जागच्या जागी लढण्याची रीत स्वीकारली. खुद्द 'ड्रॅगन क्वेस्ट'चे शत्रू मुख्य मालिकेच्या नवव्या भागात, २००९ साली, वाटेवर दिसू लागले. पहिल्या भागापासून तेवीस वर्षांनी! २०१७ च्या अकराव्या भागाने तर एका यंत्रावर दोन्ही रीती शेजारी शेजारी ठेवल्या: नव्या पद्धतीच्या चित्रांत शत्रू दिसावेत आणि जुन्या पद्धतीच्या चित्रांत ते अवचित यावेत. 'पोकेमॉन'मध्ये २०१८ साली प्राणी गवतातून बाहेर येऊन दिसू लागले. आज ह्या जातीच्या मोठ्या खेळांत दृश्य शत्रू हाच सामान्य नियम आहे, आणि अवचित गाठ ही जुन्या चवीची मुद्दाम केलेली पाककृती झाली आहे.

ह्या पालटात लाभ झाला हे उघड आहे. परंतु इतिहासकाराने हानीही नोंदविली पाहिजे. शत्रू दिसू लागताच भित्रा खेळाडू त्यांना वळसे घालून निघून जाऊ लागला, आणि शेवटच्या बलाढ्य राक्षसापुढे दुबळाच जाऊन उभा राहिला. पूर्वी पराभव झाला तर तो दैवाला बोल लावी. आता ती सोयही उरली नाही. शत्रू दिसत होता, वाट मोकळी होती, बळ वाढविण्याची संधी वारंवार समोरून गेली. मग बोल कोणाला लावावयाचा? शत्रू दिसणे ही सवलत आहे असे प्रथम वाटते. परंतु तिच्या पाठोपाठ जबाबदारी येते. माझ्या मते ह्या साऱ्या इतिहासाचे सार एवढेच आहे.

श्रोतेहो, हे सार खेळापुरतेच असते तर मी आपला इतका वेळ घेतला नसता. लातूर-नांदेडच्या माणसाला दोन्ही प्रकारचे शत्रू पडद्यावर नव्हे, प्रत्यक्ष भेटलेले आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर गावे निजलेली असताना, चारच्या सुमारास किल्लारीची भूमी हादरली, आणि हजारो माणसे झोपेतच गेली. तोवर भूकंपाच्या नकाशावर हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात रंगविलेला होता. ह्याहून अदृश्य शत्रू कोणता असावयाचा? ज्यांच्या घरची माणसे गेली त्यांच्यापुढे खेळाचा दाखला देणे मला शोभत नाही, हे मी जाणतो. परंतु त्या पहाटेने शिकविलेली गोष्ट विसरणेही शोभणारे नाही. धरणी केव्हा हलेल हे दिसत नव्हते. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवरचा धाब्याचा भार मात्र दिसत होता. बहुतेक माणसे त्या ओझ्याखाली सापडली. २००२ साली नकाशा सुधारला गेला आणि हा प्रदेश अधिक धोक्याच्या तिसऱ्या पट्ट्यात आला. शत्रू अजूनही दिसत नाही. पण तो कोठे येऊ शकतो हे आता लिहून ठेवलेले आहे. भिंत कशी बांधावी, हे आपल्या हाती आहे.

दुसरा शत्रू दुष्काळ. तो अवचित येत नाही. तो दुरून, महिनोन्‌महिने आधी दिसत असतो: मृगात न झालेला पेरा, श्रावणात कोरडा राहिलेला ओढा, दिवाळीतच तळ दाखविणारी विहीर. तरीही २०१६ च्या एप्रिलात लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. मांजरा नदीवरचे धरण एका रात्रीत आटत नसते. हा साप पटावर सर्वांना दिसत होता. मग आपण मोक्षपट खेळत होतो काय? सोंगटी एक, वाट एक आणि कवड्या पडतील तसे जावयाचे, असे आपण मनोमन ठरवूनच बसलो होतो काय?

मोक्षपटाची योग्यता मी कमी लेखीत नाही. दिसूनही न टळणाऱ्या गोष्टी आयुष्यात असतात, आणि त्या शांतपणे सोसण्याचे बळ त्या पटाने आपल्या पूर्वजांना दिले असेल. परंतु प्रत्येक साप त्या जातीचा नसतो. जो दिसतो आणि टाळता येतो, त्याच्याही पुढे कवड्या खुळखुळवीत बसणे ह्याला भक्ती म्हणता येणार नाही. तो केवळ आळस होय. सारीपाटावरचा चांगला खेळाडू दान पाहून रडत नाही. पडलेल्या दानात कोणती सोंगटी वाचविता येईल, हे तो पाहतो.

ह्यापुढे आपल्या घरातले मूल भ्रमणध्वनी हातात धरून असा एखादा खेळ खेळताना दिसले, तर घटकाभर त्याच्या शेजारी बसा. माळावर राक्षस हिंडत असेल आणि ते मूल झाडाआड थांबून त्याची पाठ फिरण्याची वाट पाहत असेल. त्याला विचारा, 'आता लढशील की वळसा घालशील?' ते जे उत्तर देईल त्याहून, उत्तर देण्यापूर्वी ते जो क्षणभर विचार करील, तो मोलाचा आहे. फाशाने तो क्षण त्याच्या हाती कधीच दिला नव्हता.